रक्तातले भाकीत आणि विदर्भातला उशीर

स्नायूंना सूज आणणाऱ्या स्वयंप्रतिरोधी आजारांची पहिली तक्रार बहुधा मांड्या आणि खांदे करतात. उकिडवा बसलेला माणूस उठताना जमिनीला हात टेकतो, एसटीत चढताना दांडीला धरून अंग ओढून घेतो, वेणी घालताना बाईचे हात वर राहत नाहीत. म्हणून या आजारांना स्नायूंचेच नाव मिळाले, मायोसायटिस. सोबत त्वचेवर चट्टे असतील तर डर्मॅटोमायोसायटिस. या रुग्णांच्या मृत्यूच्या कारणांत मात्र फुप्फुस अगदी वर आहे. हवेच्या पिशव्यांमधल्या नाजूक भिंती सुजतात, जाड होतात, पुढे त्यांत व्रणासारखे तंतू भरतात आणि रक्तात जाणारा प्राणवायू कमी पडू लागतो. छातीचे डॉक्टर याला आयएलडी म्हणतात. काही रुग्णांत हे वर्षानुवर्षे सावकाश चालते. काहींत पहिल्या धापेपासून व्हेंटिलेटरपर्यंतचे अंतर जेमतेम काही आठवड्यांचे असते.

कोणाचे सावकाश आणि कोणाचे झपाट्याने, हे आधी कळते का? गेल्या वीस वर्षांत या प्रश्नाला बऱ्यापैकी ठोस उत्तर मिळाले आहे आणि ते रक्तात आहे. नागपुरात आणि नागपूरवर विसंबलेल्या मुलखात, म्हणजे गडचिरोली-चंद्रपूरपासून पलीकडच्या बालाघाट-छिंदवाड्यापर्यंत, ते उत्तर रुग्णाच्या पुरेसे कामी येत नाही. चाचणी होतच नाही, असे नाही; प्रश्नच उशिरा विचारला जातो. आणि वेळेत विचारला तरी आलेला आकडा जपान-चीनच्या मापाने वाचून आपले भागणार नाही. या दोन्ही गोष्टी नागपूरला सुधारता येतील, असे मला ठामपणे वाटते.

आधी उत्तर कसे मिळाले ते पाहू. १९८० साली मायोसायटिसच्या रुग्णांत एक प्रतिपिंड सापडले आणि ज्या रुग्णाच्या रक्तात ते आढळले त्याच्या नावावरून त्याला जो-१ म्हणू लागले. १९८३ मध्ये कळले की हे प्रतिपिंड पेशीतल्या एका साध्या कामकरी विकराविरुद्ध आहे. प्रथिने बांधण्यासाठी हिस्टिडिन नावाचे अमिनो आम्ल त्याच्या वाहक रेणूला जोडणे, एवढेच त्या विकराचे काम. मग याच कुळातली आणखी प्रतिपिंडे सापडत गेली आणि एक चित्र स्पष्ट झाले: ताप, सांधेदुखी, थंडीत पांढरी-निळी पडणारी बोटे, बोटांच्या कडांना भेगा, आणि बहुसंख्य रुग्णांत फुप्फुसाचा आजार. यांतल्या पुष्कळांचे फुप्फुस स्नायूंच्या आधी बिघडते, त्यामुळे ते स्नायूंच्या डॉक्टरकडे जातच नाहीत. छातीच्या ओपीडीत खोकत बसलेले असतात.

दुसरे प्रतिपिंड अधिक धोक्याचे. २००५ साली टोकियोच्या केओ विद्यापीठातल्या शिंजी सातो आणि सहकाऱ्यांनी ते वर्णन केले. पुढे त्याचे लक्ष्य एमडीए-५ हे प्रथिन असल्याचे ठरले. हे प्रथिन पेशीत घुसलेल्या विषाणूचा आरएनए ओळखून इंटरफेरॉनची हाकाटी करते. या पहारेकऱ्याविरुद्धच प्रतिपिंडे तयार झालेल्या रुग्णांत त्वचेवर खोल जखमा होतात, तळहातावर दुखऱ्या पुळ्या येतात, केस गळतात, आणि फुप्फुस झपाट्याने जाऊ शकते. गोंधळात टाकणारी गोष्ट ही की त्यांच्या स्नायूंना अनेकदा काहीही होत नाही. ताकद शाबूत, स्नायूंची इजा दाखवणारे सीपीके नॉर्मल. स्नायूंच्या आजाराचा सगळ्यांत घातक प्रकार स्नायूंना जवळपास न शिवता येतो.

तिसरी गोष्ट केएल-६. हे प्रतिपिंड नव्हे. फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांचे अस्तर दुखावले आणि पुन्हा भरून येऊ लागले की त्या पेशींवरचा हा शर्करायुक्त रेणू रक्तात झिरपतो. जपानमध्ये नोबुओकी कोनो आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात तो शोधला आणि १९९९ पासून तिथल्या आरोग्य विम्यात त्याची तपासणी समाविष्ट आहे. मायोसायटिसमध्ये त्याचे मोल वेगळेच आहे. एलडीएच हा जुना, स्वस्त निर्देशक स्नायू आणि फुप्फुस दोन्हींच्या दुखापतीत वाढतो, त्यामुळे तो कोणाबद्दल बोलतो आहे ते कळत नाही. फुंकर मारून करायच्या तपासणीत फुप्फुसाची क्षमता कमी दिसली तर तीही फुप्फुस आकसल्यामुळे की छातीचे स्नायू थकल्यामुळे, हा प्रश्न उरतोच. सहा मिनिटे चालवून पाहावे तर मांड्याच साथ देत नाहीत. केएल-६ स्नायूंतून येत नाही. तो वाढला असेल तर बोट फुप्फुसाकडे जाते.

हे सगळे जोडून जपानच्या अनेक रुग्णालयांनी मिळून सुमारे ५०० रुग्णांची नोंद तपासली आणि २०२१ मध्ये एक साधे गणित मांडले. पहिल्या भेटीच्या रक्तात तीनच गोष्टी पाहायच्या: एमडीए-५ प्रतिपिंड आहे का, शरीरातली सूज दाखवणारा सीआरपी दर डेसिलिटरला ०.८ मिलिग्रॅम किंवा अधिक आहे का, आणि केएल-६ दर मिलिलिटरला १००० युनिट किंवा अधिक आहे का. यावरून रुग्ण कमी, मध्यम आणि अतिजोखमीच्या गटांत विभागले गेले. शेवटच्या गटात मृत्यूचे प्रमाण निम्मे किंवा त्याहून अधिक होते. चीनमधल्या एका गटाने फेरिटिन, एलडीएच आणि सीटी स्कॅन धरून असेच दुसरे गणित बांधले. फेरिटिन हजारांच्या घरात गेलेला एमडीए-५ रुग्ण म्हणजे आणीबाणी, हे आता सर्वमान्य आहे.

भाकिताला किंमत येते ती त्यानुसार वागणे बदलते तेव्हा. इथे ते बदलते. पूर्वीची रीत पायरीपायरीची होती: स्टेरॉइड द्या, थांबा, उपयोग नाही झाला तर दुसरे औषध जोडा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जपानी डॉक्टरांनी एमडीए-५ रुग्णांना पहिल्या दिवसापासून भरपूर स्टेरॉइड, टॅक्रोलिमस आणि सायक्लोफॉस्फामाइड अशी तिन्ही औषधे एकत्र दिली. सहा महिन्यांनी ८९ टक्के रुग्ण जिवंत होते; आधीच्या काळात पायरीपायरीने उपचार झालेल्यांत हेच प्रमाण ३३ टक्के होते. ही तुलना जुन्या नोंदींशी आहे, एकाच वेळी चिठ्ठ्या टाकून विभागलेल्या दोन गटांमधली नाही, त्यामुळे आकडे थोडे सावधपणे घ्यायचे. पण अंतर एवढे मोठे आहे की दुर्लक्ष करता येत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शांघायच्या डॉक्टरांनी टोफासिटिनिब हे औषध वापरून १८ रुग्ण हाताळले. सहा महिन्यांनी सगळे हयात होते, तर आधीच्या पद्धतीने उपचार झालेल्या गटात ७८ टक्के. त्या अभ्यासातला एक शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: रुग्ण सुरुवातीच्या टप्प्यातले निवडले होते. टोफासिटिनिब आज भारतात अनेक कंपन्या जेनेरिक स्वरूपात बनवतात. औषध नागपूरच्या धंतोलीतल्या दुकानात मिळेल. सुरुवातीचा टप्पा मात्र दुकानात मिळत नाही.

विदर्भातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. पावसाचा अंदाज पेरणीआधी आला तर कामाचा. बियाणे मातीत जळून गेल्यावर तोच अंदाज कितीही अचूक असला तरी दुबार पेरणी टळत नाही.

१६ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘दंगल’ चित्रपटात छोट्या बबिता फोगाटची भूमिका करणारी सुहानी भटनागर दिल्लीच्या एम्समध्ये गेली. ती १९ वर्षांची होती. डर्मॅटोमायोसायटिस हा शब्द त्या बातमीने देशातल्या लाखो घरांत पहिल्यांदा ऐकला गेला. कुटुंबीयांनी सांगितल्याप्रमाणे हाताला सूज येऊन दोन महिने झाले होते, अनेक डॉक्टर झाले होते, आणि निदान मृत्यूच्या जेमतेम दहा दिवस आधी झाले. शेवटी फुप्फुसे निकामी होत गेली. फरीदाबादमध्ये, दिल्लीच्या सावलीत राहणाऱ्या, सुस्थित आणि जागरूक कुटुंबात हे घडले. मग अहेरी किंवा धारणीच्या मुलीला निदानापर्यंत पोचायला काय काय ओलांडावे लागत असेल, याचा हिशेब मांडायलाच हवा.

ती वाट कशी असते, हे आजाराच्या स्वभावावरूनच दिसते. ताप आणि अंगदुखी असते, तेव्हा पहिल्यांदा टायफॉइडची तपासणी होते. रक्तात एसजीओटी-एसजीपीटी वाढलेले दिसतात आणि लिव्हरला सूज आली असे सांगून पथ्य दिले जाते. हे विकर स्नायूंतूनही येतात, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात आहे. पण काविळीचे दुसरे काहीच लक्षण नसताना पुढे सीपीके मागवण्याची सवय नाही. मग खोकला आणि एक्स-रेवर पांढुरके डाग. क्षयाच्या देशात याचा अर्थ आधी क्षयच लावला जातो आणि तो लावणाऱ्या डॉक्टरला मी दोष देणार नाही; दहातल्या कितीतरी वेळा तो बरोबरच असतो. चूक पुढे होते. थुंकीत जंतू नाहीत, क्षयाच्या जंतूंची जनुकीय चाचणी सीबीनॅटही निगेटिव्ह, तरी औषधे सुरू होतात आणि दोन महिने वाट पाहिली जाते. एमडीए-५ रुग्णाजवळ दोन महिने नसतात.

त्वचा आणि बोटे यांची साक्षसुद्धा आपल्याकडे हरवते. या आजारात पापण्यांवर आणि गालावर येणारा जांभळट रंग पुस्तकांत गोऱ्या कातडीवर दाखवलेला असतो. सावळ्या चेहऱ्यावर तो काळसर दिसतो आणि वांग म्हणून मलम मिळते. बोटांच्या कडांच्या भेगांना इंग्रजी ग्रंथांनी मेकॅनिकचे हात म्हटले. यवतमाळ-वर्ध्याच्या कापूस वेचणाऱ्या बाईच्या किंवा भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाईच्या बोटांवर भेगा पाहून कोणाला आजार सुचेल? तिला स्वतःलाही सुचत नाही. हंगाम संपून महिने झाले तरी भेगा भरल्या नाहीत, आणि त्या विशेषतः तर्जनीच्या अंगठ्याकडच्या बाजूला आहेत, हे विचारले आणि पाहिले तरच कळते. त्याला पैसे लागत नाहीत. पण कामाने भरडलेले हात हेच बाईचे नेहमीचे हात, असे एकदा मानले की पाहणे थांबते. गरीब बाईचे दुखणे तिच्या कष्टांच्या खात्यावर टाकून मोकळे होण्याची ही सवय फार जुनी आहे आणि इथे ती सरळ जिवावर बेतते.

आणखी एक फसगत. संधिवाताची शंका आली की एएनए नावाची तपासणी होते. ती निगेटिव्ह आली की स्वयंप्रतिरोधी आजार नाही, असे समजून फाइल बंद. पण एएनए पेशीच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडे शोधते. जो-१ कुळातली प्रतिपिंडे आणि एमडीए-५ चे लक्ष्य केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात असते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्याने पेशीद्रवातली चमक नोंदवली नाही तर अहवाल कोराच येतो. ज्या तपासणीने दार उघडायचे, तिनेच ते बंद होते.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मग सरसकट सगळ्यांची मायोसायटिसची प्रतिपिंडे तपासावीत. याला माझा विरोध आहे, आणि तो खर्चापुरता नाही. एक काल्पनिक हिशेब करू. थकवा आणि अंगदुखीच्या १०,००० लोकांत खरा आजार १० जणांना आहे. चाचणी दहातल्या नऊंना पकडते आणि निरोगी शंभरातल्या दोघांना चुकून आजारी ठरवते. म्हणजे नऊ खरे आणि सुमारे २०० खोटे. पॉझिटिव्ह अहवाल हातात घेतलेल्या शंभरांतल्या पंच्याण्णवांहून अधिकांना हा आजारच नाही. आता तीच चाचणी अशा १०० जणांवर करा ज्यांच्या फुप्फुसात डाग आहेत, क्षय सापडलेला नाही, आणि बोटांना भेगा किंवा सांधेदुखी आहे. समजा त्यांत ३० जणांना खरा आजार आहे. मग २७ खरे आणि एखाददुसरा खोटा. चाचणी बदलली नाही. तिच्याआधी कोणीतरी रुग्णाकडे नीट पाहिले, एवढाच फरक. प्रतिपिंडांची पट्टी आज बहुतेक ठिकाणी लाइन ब्लॉटने तपासतात आणि त्यात फिकट रेघा फसव्या असतात. एकाच रुग्णात दोन-तीन फिकट रेघा आल्या तर त्या प्रयोगशाळेच्या मर्यादा असण्याची शक्यता अधिक. अहवालाचा कागद डॉक्टरच्या डोळ्यांची जागा घेऊ शकत नाही. तो त्या डोळ्यांना धार देतो.

आता मापांच्या प्रश्नाकडे येतो, कारण माझ्या मते नागपूरची खरी जबाबदारी इथे आहे. एमडीए-५ असलेल्यांत फुप्फुस झपाट्याने जाण्याचे प्रमाण जपान-चीनमध्ये खूप जास्त आणि युरोप-अमेरिकेत बरेच कमी नोंदले गेले आहे. म्हणजे एकच प्रतिपिंड निरनिराळ्या लोकसमूहांत निरनिराळे भविष्य सांगते. आपण या दोहोंत कुठे बसतो, हे आपल्याच रुग्णांवरून ठरवावे लागेल. फेरिटिनच्या बाबतीत तर विदर्भात दुहेरी अडथळे आहेत. फेरिटिन हा लोहसाठ्याचा निर्देशक आहे आणि इथल्या कित्येक बायकांचा साठा आधीच रिकामा असतो. अशा बाईचे फेरिटिन आजाराने दहापट वाढले तरी उसन्या धोक्याच्या रेषेखाली राहू शकेल आणि तिला उगाच सुरक्षित मानले जाईल. दुसरीकडे वारंवार रक्त चढवलेल्या सिकलसेलच्या रुग्णाचे फेरिटिन एरवीच हजारांत असते. शिवाय डेंग्यूत ते चढते, स्क्रब टायफसमध्ये चढते, आणि २०१८ च्या पावसाळ्यात स्क्रब टायफसने नागपूरला काय दाखवले हे इथले डॉक्टर विसरलेले नाहीत. तोच ताप, तीच धाप, तेच वाढलेले एसजीओटी. उसनी रेषा इथे दोन्ही बाजूंनी चुकते.

स्वतःची रेषा स्वतः आखण्याचे काम नागपूरला नवे नाही. भारतात सिकलसेलची नोंद पहिल्यांदा १९५२ मध्ये नीलगिरीत झाली. मध्य भारतातली नोंद १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये केली. आफ्रिकेतला म्हणून समजला जाणारा आजार आपल्या दारात आहे हे या शहराने रक्त तपासून जगाला सांगितले. पुढे हायड्रॉक्सियुरिया हे औषध आले तेव्हा पाश्चात्त्य पद्धत मात्रा सोसवेल तितकी वाढवत नेण्याची होती. त्यासाठी वारंवार रक्ततपासणी हवी, जी मेळघाटच्या मुलाला शक्य नाही. इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या, म्हणजे आपल्या ‘मेडिकल’मधल्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी दर किलो वजनाला १० मिलिग्रॅम या कमी आणि ठरावीक मात्रेची चाचणी मुलांवर घेतली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: आपल्या मुलांना एवढ्यानेही मोठा गुण येतो. भारतीय रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन मुळातच अधिक असते, हेही त्यामागचे एक कारण. अमेरिकेचे माप आंधळेपणाने लावले असते तर औषध महागडे आणि आवाक्याबाहेरचे ठरले असते.

सिकलसेलने आणखी एक गोष्ट शिकवली. चाचणी गावापर्यंत पोचली, रुग्णांच्या संघटना उभ्या राहिल्या, मागण्या झाल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ दिव्यांगत्वांत सिकलसेल आले आणि १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली. त्याच यादीत स्नायूंची जन्मजात झीज, मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. मायोसायटिस नाही. उठता-बसता न येणाऱ्या आणि चार पावलांत धाप लागणाऱ्या बाईला प्रमाणपत्रासाठी कोणत्या रकान्यात बसवायचे हे ठरलेले नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हलका नाही. मायोसायटिस दुर्मीळ आहे. दर दहा लाखांत वर्षाला मोजके नवे रुग्ण. जिथे क्षय, कुपोषण आणि सिकलसेल यांनाच माणसे आणि पैसा पुरत नाही तिथे या आजारासाठी वेगळी यंत्रणा मागणे म्हणजे प्राधान्यक्रम उलटा करणे नव्हे का? मला तसे वाटत नाही, कारण मी वेगळी यंत्रणा मागत नाही. क्षय नसताना क्षयाची औषधे खाणारा माणूस क्षयाच्या यंत्रणेवरही भार असतो. निगेटिव्ह सीबीनॅट आणि तरीही डाग, अशा रुग्णाला पुढे कुठे पाठवायचे याची नेमकी वाट आखली तर क्षयकार्यक्रमच अधिक नेटका होईल. सीपीके, सीआरपी, फेरिटिन, एलडीएच या चाचण्या मोठ्या शासकीय रुग्णालयांना परक्या नाहीत. कमी आहे ती प्रतिपिंडांची पट्टी आणि केएल-६ यांची नेहमीची, मोफत सोय. आज हे नमुने बहुधा खासगी प्रयोगशाळेमार्फत मुंबईला किंवा दिल्लीकडे जातात, त्यात दिवस जातात, आणि काही हजार रुपये रुग्णाच्या खिशातून जातात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची पाच लाखांची छत्री मोठी आहे, पण ती मुख्यतः दाखल रुग्णाच्या ठरावीक उपचारांभोवती बांधलेली आहे. ज्या तपासणीमुळे अतिदक्षता विभाग टळेल ती दाखल होण्याआधीची, म्हणून छत्रीबाहेर. अतिदक्षता विभाग मात्र छत्रीखाली. निवडक रुग्णांसाठी ही तपासणी ओपीडीतच मोफत करणे हा पैशाच्या हिशेबातही शहाणपणाचा निर्णय होईल.

दुसरा आक्षेप माणुसकीचा आहे. वाईट भविष्य सांगणारा आकडा रुग्णाला कशाला द्यायचा? अहवाल आता व्हॉट्सअॅपवर थेट घरी येतो आणि कॉलेजात शिकणारा भाऊ रात्री मोबाइलवर एमडीए-५ शोधून पहाटेपर्यंत रडत बसतो. “साहेब, पोरगी बरी होईन ना जी?” या प्रश्नाला टक्केवारी हे उत्तर नाही. टक्केवारी गटाची असते. शंभरांतले निम्मे वाचतात तेव्हा समोरची मुलगी कोणत्या निम्म्यात आहे हे तो आकडा सांगत नाही. पण म्हणून आकडा लपवणे हा मार्ग नव्हे. डॉक्टरने सांगायचे ते असे: या तपासणीवरून दिसते की तुमच्या मुलीच्या फुप्फुसाला लवकर धोका आहे, म्हणून आपण औषधे आजच जोरात सुरू करतो, आठवड्याने पुन्हा रक्त पाहू, दम वाढला तर वाट न पाहता रात्रीही या. भाकीत कृतीसोबत सांगितले तर ते घराला उभे करते. कागदावर छापून नुसते हातात दिले तर ते घर मोडते. पहिली बातमी मोबाइलने द्यायची नाही, एवढा नियम कोणत्याही प्रयोगशाळेला आणि रुग्णालयाला उद्यापासून पाळता येईल.

औषधे जोरात सुरू करण्यालाही इथे एक अट आहे. प्रतिकारशक्ती दाबणारी तीन औषधे एकत्र दिली की शरीरात झोपलेला क्षय जागा होऊ शकतो, न्यूमोसिस्टिससारखे संसर्ग घुसू शकतात. जपानी गणितात हा धोका आपल्याइतका मोठा नसतो. म्हणून आपली जोखीम मोजताना पहिल्या भेटीलाच क्षयाचा शोध आणि संसर्ग टाळणारी औषधे यांचा विचार झाला पाहिजे. घरच्या ऑक्सिमीटरचेही तसेच. कोविडनंतर ते घरोघरी आहेत आणि या रुग्णांना फार उपयोगी आहेत. पण ज्यांची बोटे थंडीत पांढरी पडतात त्यांच्या बोटावर ते खोटे कमी आकडे दाखवतात. डिसेंबरातल्या नागपूरच्या थंडीत बोट आधी गरम करून मग मोजायचे, नाहीतर कानाच्या पाळीचा सेन्सर वापरायचा, हे सांगायला मिनिटभर लागते.

आता नागपूरने करायचे काम. मेडिकल, मेयो आणि मिहानमधले एम्स या तीन शासकीय संस्थांत मिळून मध्य भारतातले बहुतांश असे रुग्ण कधी ना कधी येतात. कोणी त्वचेच्या ओपीडीत, कोणी छातीच्या, कोणी मेडिसिनच्या. तिन्ही ठिकाणी एकच नोंदवही हवी आणि तिच्यात पहिल्या भेटीची तीच माहिती: बोटे, त्वचा, ताकद, श्वास, एचआरसीटी, फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो ते मोजणारी डीएलसीओ, आणि रक्तातले निर्देशक. मग सहा महिन्यांनी रुग्ण कसा आहे याची नोंद. दोन-चार वर्षांत शंभरभर रुग्ण झाले तरी इथल्या बाईसाठी फेरिटिनची धोक्याची रेषा कुठे आखायची, केएल-६ चा जपानी १००० चा आकडा आपल्याला चालतो का, जो-१ वाल्यांत आणि एमडीए-५ वाल्यांत वेगळी रेषा हवी का, हे प्रश्न अंदाजाने नव्हे तर हिशेबाने सोडवता येतील.

यातली सर्वांत नाजूक कडी रक्त घेण्याच्या वेळेची आहे. स्टेरॉइडचा पहिला डोस गेला की सीआरपी, फेरिटिन, सीपीके सगळे हलू लागतात, आणि गावाकडून येणारा रुग्ण अनेकदा स्टेरॉइडची सुई घेऊनच आलेला असतो, कारण तिने अंगदुखी लगेच उतरते. म्हणून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत निरोप असा जायला हवा: ताप, भेगा, धाप आणि क्षय निगेटिव्ह असा रुग्ण दिसला तर सुई देण्याआधी साध्या नळीत पाच मिलिलिटर रक्त घ्या, सीरम वेगळे करून थंड ठेवा, नळीवर तारीख-वेळ आणि आधी घेतलेल्या औषधांची नावे लिहा, आणि ती नळी रुग्णासोबतच नागपूरला पाठवा. संमतीचा कागद मराठीत हवा, हिंदीत हवा, आणि गडचिरोलीसाठी गोंडी बोलणाऱ्या आशाताईने तो वाचून समजावून सांगायला हवा.